गोष्टीतून इंग्रजी, चर्चेतून विचार

श्रोतेहो, इंग्रजीचा तास म्हटला की आपल्याकडच्या पुष्कळ शाळांतून एक ठरावीक चित्र दिसते. गुरुजी पाठातले वाक्य वाचतात, त्याचा मराठी अर्थ सांगतात, मुले तो अर्थ पुस्तकाच्या समासात उतरवून घेतात. मग प्रश्नोत्तरे फळ्यावर येतात, ती पाठ होतात, पेपरात उतरतात आणि पेपराबरोबरच डोक्यातूनही जातात. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतून २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाऊ लागले. म्हणजे दहावीपर्यंत मूल चांगली दहा वर्षे इंग्रजी शिकते. तरीही दहावी झालेल्या पोराला कोणी इंग्रजीत विचारले, की 'बाबा, तुझे काय मत आहे?', तर ते खाली मान घालते. दोष त्याचा नव्हे. दहा वर्षांत इंग्रजीच्या तासाला त्याचे मत कोणी विचारलेलेच नसते!

भाषा येते कशी, याचा थोडा विचार करू. घरातले लहान मूल मराठी शिकते ते व्याकरणाचे पुस्तक वाचून नव्हे. त्याला भूक लागलेली असते, भावाने त्याचा खेळणा हिसकावलेला असतो, आईला काहीतरी सांगायचेच असते. सांगण्याची निकड आधी, शब्द मागून. इंग्रजीच्या तासाला आपण शब्दांची रास घालतो, पण सांगण्याची निकड मुलाजवळ ठेवतच नाही. ती निकड निर्माण करण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. एक, मनाला भिडणारी गोष्ट. आणि दुसरा, त्या गोष्टीतून निघणारा असा प्रश्न, की ज्याचे उत्तर गाइडात सापडत नाही.

आता कोणी शिक्षक म्हणतील, 'अहो, इंग्रजी साहित्य म्हणजे बर्फ, डॅफोडिलची फुले आणि लंडनचे धुके. आमच्या पोरांना त्यातले काय कळणार?' ती फुलेही पुढे जरूर दाखवावीत. पण इंग्रजीत लिहिलेले सगळेच साहित्य काही साहेबाच्या देशातले नाही. एक उदाहरण असे घेऊ, की ज्याची सगळी वाटच आपल्या सातारा जिल्ह्यातून जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाचे एक छोटेसे आत्मकथन इंग्रजीत लिहिले. त्याची प्रकरणे अवघी सहा. परदेशातल्या लोकांना अस्पृश्यता म्हणजे काय ते नुसत्या व्याख्येने कळत नाही, प्रसंग सांगूनच कळेल, म्हणून त्यांनी ते लिहिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने काढले आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडातही ते आहे. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली शिकावयास गेले, तेथे आज हे लेखन विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी वाचावयास देतात. न्यूयॉर्कच्या मुलांनी ते वाचावे आणि कराड-खटावच्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नसावे, हे काही बरे नव्हे.

त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. लहानगा भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. वडील कामानिमित्त खटाव तालुक्यात. तेथे दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तलाव खोदत होते आणि वडील त्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली, वडिलांनी बोलावले, म्हणून घरातली मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून साताऱ्याहून निघाली. आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यावयास मात्र कोणीच आलेले नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा बदलला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊनही या मुलांना गाडीत घेण्यास गाडीवान राजी होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. वाटेत डबा उघडला, पण प्यावयास पाणी नाही. जवळचे पाणी चिखलाने आणि गुरांच्या शेणामुताने घाण झालेले. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर नाकेदाराकडे पाणी मागितले, तेथेही मिळाले नाही. मुले तशीच उपाशी आणि तहानलेली झोपली. आणि न्यावयास कोणी का आले नव्हते? मुलांनी धाडलेले पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते!

शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवून पाहा. इंग्रजी सरळ आहे, वाक्ये स्वच्छ आहेत. पहिल्या तासाला फळ्यावर नकाशा काढावा. सातारा कोठे, मसूर कोठे, खटाव कोठे, हे मुलांनीच दाखवावे. तिकीट, स्टेशन, टोल हे इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी आहेतच. फेअर म्हणजे भाडे, थर्स्टी म्हणजे तहानलेला, रिफ्यूज म्हणजे नाकारणे, असे दहा-बारा नवे शब्द पुरेत. मग गुरुजींनी उतारा सावकाश, मोठ्याने, अर्थ ध्यानात येईल अशा रीतीने वाचावा. मध्येच थांबून प्रत्येक ओळीचे भाषांतर करू नये. गोष्ट आधी पुरी होऊ द्यावी.

दुसऱ्या तासाला साधे प्रश्न: कोण, कोठे, केव्हा, काय. यांची उत्तरे उताऱ्यातच असतात, म्हणून कच्च्या मुलालाही एक-दोन वाक्ये बोलता येतात आणि त्याची भीड चेपते. तिसऱ्या तासाला मात्र 'का' विचारावे. स्टेशनमास्तरांचा चेहरा का बदलला? गाडीवानाला दुप्पट पैसे चालत होते, मग मुलांच्या शेजारी बसणे का चालत नव्हते? येथे वर्ग जागा होतो.

आणि येथेच व्याकरणही शिकवता येते. इंग्रजीत 'कुड नॉट' आणि 'वुड नॉट' असे दोन प्रयोग आहेत. पहिल्याचा अर्थ, करता आले नाही. दुसऱ्याचा, करण्याची तयारी नव्हती. एरवी हा भेद शिकवताना कोरडी उदाहरणे द्यावी लागतात. आता मुलांना विचारा, नाकेदाराने पाणी दिले नाही, तेथे 'कुड नॉट' लिहाल की 'वुड नॉट'? एक मुलगी म्हणेल, 'वुड नॉट'. कारण त्याच्या मनातच नव्हते. दुसरा म्हणेल, 'त्याने पाणी दिले असते तर गावाने त्याला वाळीत टाकले असते. मग त्याला देता येत होते असे कसे म्हणावे?' पाहा, प्रश्न व्याकरणाचा होता आणि मुले माणसाच्या जबाबदारीवर बोलू लागली. हा भेद ती मुले जन्मात विसरणार नाहीत.

तीच गोष्ट कर्मणी प्रयोगाची. 'पाणी दिले गेले नाही' असे वाक्य इंग्रजीत सहज करता येते. त्यात न देणारा कोण ते दिसतच नाही. आपल्या मराठीतही आपण 'पाणी मिळाले नाही' असे म्हणून मोकळे होतो. मी स्वतःही मघाशी गोष्ट सांगताना तसेच म्हणालो, ते आपल्या ध्यानात आले असेल. तेव्हा मुलांना सांगावे, हे वाक्य असे फिरवा की कर्ता पुढे येईल. 'नाकेदाराने पाणी दिले नाही.' वाक्य तेच, पण आता त्यात माणूस उभा राहिला. वर्तमानपत्रातल्या बातम्या घेऊनही हा पाठ करता येतो. अन्याय 'झाला' असे छापलेले असते. तो कोणी केला ते शोधण्याची सवय लागणे हेही शिक्षणच आहे.

चर्चेची म्हणून काही पथ्ये आहेत, ती मात्र कसोशीने पाळावीत.

पहिले, ज्या मुलाच्या समाजाने हे भोगले, त्या मुलाला उभे करून 'तू सांग बरे तुझा अनुभव' असे कधीही म्हणू नये. ते मूल वर्गाचे उदाहरण नव्हे, वर्गाचा विद्यार्थी आहे. त्याला आपणहून बोलावेसे वाटले तर बोलू द्यावे, गप्प राहावेसे वाटले तर राहू द्यावे. गोष्टीचे नाटक बसवले तरी भूमिका वाटताना हेच भान ठेवावे. प्रश्न विचारावयाचा तो पाणी न देणाऱ्याच्या बाजूला: तुम्ही त्या नाक्यावर असता तर काय केले असते?

दुसरे, आधी मराठीत बोलू द्यावे. जोडी-जोडीने मुलांनी आपल्या बोलीत बोलावे आणि मग त्यातले दोनच वाक्ये इंग्रजीत मांडावीत. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजीला आधार मिळतो. बोलताना चूक झाली तर तेथेच अडवू नये. चुका टिपून ठेवून शेवटची पाच मिनिटे त्यांवर द्यावीत.

तिसरे, व्यक्तीवर बोट नको. गावातल्या अमक्याच्या घरी असे चालते, हे वर्गात नको. कायदा काय म्हणतो ते मात्र जरूर सांगावे. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्या पालनाला शिक्षा देणारा कायदा झाला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्यायले, त्याचा आणि या टोलनाक्यावरच्या तहानेचा संबंध मुलांना आपोआप दिसेल.

चौथे, चर्चेचा शेवट लेखनात व्हावा. नाक्यावर रात्र काढणाऱ्या मुलाने वडिलांना लिहिलेले पत्र, किंवा स्टेशनमास्तरांच्या डायरीचे त्या दिवसाचे पान, इंग्रजीत आठ ओळी. पत्रलेखन आणि निबंध परीक्षेत येतातच. म्हणजे हा वेळ वाया गेला असे कोणास म्हणता येणार नाही.

आता शंका. 'अभ्यासक्रम पुरा व्हायचा कसा?' सबंध वर्षात असे दोन-तीनच उतारे घ्या. चार-चार तासांत जे शब्द आणि प्रयोग पक्के होतात, ते पुढे पाठ्यपुस्तकातही उपयोगी पडतात. 'गावात कुरबूर होईल.' होऊ शकते. म्हणून मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्यावे, उतारा पालकांना दाखवावा. बहुतेक पालकांना एकच हवे असते, की पोराला इंग्रजी यावे. 'आमचेच इंग्रजी बेताचे.' त्याला इलाज म्हणजे मुलांसमोर शब्दकोश उघडणे. गुरुजीसुद्धा शोधतात हे पाहिले की मुलांना शोधण्याची लाज वाटत नाही.

शिकणाऱ्याच्या जगण्यातले शब्द घेऊन भाषा शिकवावी आणि शिकवताना त्या जगण्यावर बोलावे, हा विचार जगात इतरत्रही झाला आहे. ब्राझील देशात पाउलो फ्रेअरी या शिक्षणतज्ज्ञाने १९६३ साली अंजिकोस या गावी सुमारे तीनशे मजुरांना अवघ्या काही आठवड्यांत लिहा-वाचावयास शिकवले, ते त्यांच्या कामाधामातलेच शब्द घेऊन. आपल्याकडेही इंग्रजीकडे केवळ नोकरीची शिडी म्हणून पाहिले गेले नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो शूद्रातिशूद्रांच्या सुटकेसाठी. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजीतही जोडली. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची बाजू मांडली तीही इंग्रजीत. बाबासाहेबांनी ही मसूरची वाट इंग्रजीत सांगितली. आपले गाऱ्हाणे जो ऐकणार आहे त्याच्या भाषेत ते नेमके सांगता यावे, हा इंग्रजी शिकण्याचा एक मोठा उपयोग या तिघांनी दाखवून दिला.

आपल्या खेड्यातल्या मुलामुलींना उद्या तहसील कचेरीत, बँकेत, कॉलेजात, न्यायालयात कोठे ना कोठे इंग्रजी कागद समोर येणारच आहे. त्या कागदावर कोणी काय नाकारले, कोणी नाकारले आणि का, हे ज्याला वाचता येईल त्याला फसवणे सोपे जाणार नाही. आणि ज्याला दोन वाक्यांत 'हे बरोबर नाही, कारण...' असे म्हणता येईल, त्याचे इंग्रजी खरोखर आले असे समजावे. येत्या महिन्यात एक उतारा निवडा, चार तास काढा आणि करून पाहा. मुले बोलू लागली की वर्गात गलका होईल. तो होऊ द्यावा.