पिवळ्या चौकटीतली माणसे

रद्दीवाल्याच्या तराजूत घरातली सगळी मासिके जातात. दिवाळी अंकसुद्धा दोन-चार वर्षांनी जातात. आमच्या घरातून कधी गेले नाहीत ते वडिलांनी मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवरून आणलेले 'नॅशनल जिओग्राफिक'चे जुने अंक. पिवळ्या पाठींच्या त्या चवडीतला एखादा लेख घरात कुणी शेवटपर्यंत वाचला असेल असे वाटत नाही, पण फोटो सगळ्यांना पाठ होते. पुढे कळले की खुद्द अमेरिकेतही हेच घडत आले आहे. हे मासिक कुणी टाकून देत नाही, हा समज तिथे फार मुरलेला. 1974 साली तर जॉर्ज कौब यांनी एका विज्ञान-विडंबनाच्या नियतकालिकात असा सिद्धान्त मांडला, की घरोघरच्या माळ्यांवर साठलेल्या या अंकांच्या वजनाने एक दिवस अमेरिका खंड खचेल.

अशी थट्टा वाट्याला यायला मासिक आधी घराघरांत पोचावे लागते. 'नॅशनल जिओग्राफिक' पोचले ते फोटोंमुळे, आणि ती वाट त्याने ठरवून धरलेली नव्हती. 13 जानेवारी 1888 रोजी वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबमध्ये 33 जण जमले आणि त्यातून नॅशनल जिओग्राफिक सोसायटी उभी राहिली. त्याच वर्षी निघालेला पहिला अंक विद्वानांनी विद्वानांसाठी काढलेला, रुक्ष होता. जानेवारी 1905 चा अंक छापायला जायचा होता तेव्हा तरुण संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर यांच्याकडे 11 पाने रिकामी उरली. त्याच सुमारास रशियाच्या भूगोल संस्थेकडून एक पाकीट आले. त्यात तिबेटच्या ल्हासा शहराचे फोटो होते, छापायला फुकट. ग्रोव्हनरनी 11 पाने फोटोंनीच भरली. नोकरी जाणार, असे त्यांनी मनाशी धरले होते, असे ते पुढे सांगत. प्रत्यक्षात सभासद रस्त्यात थांबवून त्यांचे अभिनंदन करू लागले. पुढच्याच वर्षी रानटी जनावरांचे रात्रीचे फोटो छापले तेव्हा मात्र 'हे चित्रांचे पुस्तक झाले' म्हणून मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. मासिकाभोवतीची पिवळी चौकट आली ती 1910 मध्ये.

इथे वाचकाला वर्गणीदार म्हणत नसत, तो संस्थेचा सभासद असे. फ्रँक काप्रा यांच्या 1946 सालच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये शाळकरी जॉर्ज बेली खिशातून हे मासिक काढतो आणि सभासदत्वासाठी आपले नाव सुचवले गेल्याचे अभिमानाने सांगतो. त्याला जग पाहायचे असते, आणि सबंध चित्रपटात तो गावाबाहेर पडू शकत नाही. माझ्या मते या मासिकाचा खरा वाचक तोच. 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' ही कादंबरी 1992 मध्ये आली. तिचा नायक या मासिकासाठी आयोवातल्या छपराच्या पुलांचे फोटो काढायला गेलेला. ते पूल ज्यात छापले तो अंक हवा, अशी विचारणा लोक मासिकाकडे करू लागले. असा लेखच नाही, माणूसही काल्पनिक, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

एलिझाबेथ बिशप यांच्या एका कवितेत जवळपास सात वर्षांची मुलगी दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत बसून फेब्रुवारी 1918 चा अंक चाळते. त्यात तिला ज्वालामुखी दिसतो, दूरदेशीच्या उघड्या छातीच्या बायका दिसतात आणि ती हादरते. अभ्यासकांनी तो अंक काढून पाहिला. ज्वालामुखी होता, त्या बायका नव्हत्या. एका अंकात दुसऱ्याची आठवण मिसळली होती. पण त्या नसल्या तरी कुणाला खोटे वाटले नाही, इतकी ती चित्रे या मासिकाशी जोडली गेली होती. 1896 मधल्या झुलू नवरा-नवरीच्या फोटोपासून ती प्रथा सुरू झाली. वयात येणाऱ्या अमेरिकन मुलांना बाईचे शरीर पहिल्यांदा दिसते ते याच मासिकात, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोद. मला त्यावर हसू येत नाही. त्या बायका नेहमी काळ्या-सावळ्याच असत. गोऱ्या बाईला तशी उभी केलेली नसे.

2018 च्या एप्रिल अंकात संपादक सुझन गोल्डबर्ग यांनी हे मान्य केले. इतिहासकार जॉन एडविन मेसन यांच्याकडून त्यांनी जुने अंक तपासून घेतले होते. 1970 च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्याच काळ्या माणसांकडे मासिकाने जवळजवळ पाहिलेही नव्हते, आणि 1916 च्या एका अंकात ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी बुद्धीने सर्व मानवांत खालचे, अशी फोटोओळ छापली होती. आपले वार्तांकन अनेक दशके वंशवादी होते, असे मासिकाने स्वतःच्याच पानांवर छापले. याचे मोल मी कमी मानत नाही.

तरी मला जास्त अस्वस्थ करते ते जून 1985 चे मुखपृष्ठ. हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. डिसेंबर 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत स्टीव्ह मॅकरी यांनी हा फोटो काढला. तो जगभर गेला, पण मुलीचे नाव 17 वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. 2002 मध्ये शोध लागला. बुबुळांच्या खुणा जुळवून खात्री केली गेली. तिचे नाव शरबत गुला. स्वतःचा तो फोटो तिने तोवर पाहिलेला नव्हता. एका परक्या माणसाने फोटो काढल्याचा आपल्याला राग आला होता, एवढे तिला आठवत होते. त्या डोळ्यांत आम्ही काय काय वाचत आलो होतो!

मॅकरींनी 1993 मध्ये मुंबईतही एक गाजलेला फोटो काढला. भर पावसात गाडीच्या बंद काचेशी आलेली बाई आणि तिच्या कडेवरचे मूल. जगात त्याची ओळख 'गाडीच्या काचेशी आई आणि मूल' एवढीच आहे. फोटो सुंदर आहे, हे मला नाकारता येत नाही. पण सिग्नलला अशी काच वर करून मीही बसलो आहे. अफगाणिस्तानकडे आपण बाहेरून पाहतो, मुंबईत मात्र काचेच्या दोन्ही बाजू आपल्याच. मॅकरींच्या भारताबद्दल लेखक टेजू कोल यांनी 2016 मध्ये लिहिले, की तो फारच नेटका, जुन्या काळात गोठलेला आहे. मला ते पटते. याच मासिकासाठी काम केलेल्या रघुबीर सिंग यांच्या फोटोंत मोटारी, आरसे, जाहिराती, गर्दी सगळे एकमेकांत घुसलेले असते, आणि आपले रस्ते तसेच आहेत.

1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या मासिकाचे सुमारे 1 कोटी 20 लाख वर्गणीदार होते. 2022 च्या अखेरीस ते 18 लाखांहून थोडे कमी उरले. 2023 मध्ये पगारी लेखकांपैकी शेवटचेही कमी करण्यात आले. आणि त्या मुखपृष्ठावरची मुलगी? शरबत गुला 2016 मध्ये बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात अटकेत होत्या. 2021 मध्ये त्यांना इटलीने आसरा दिला.

तुमच्या माळ्यावर पिवळ्या पाठीचा एखादा अंक असेल तर तो रद्दीत घालू नका. मुलांना दाखवा. फक्त फोटो पाहून झाला की त्याखालची ओळही त्यांच्याकडून वाचून घ्या, आणि त्यात कुणाचे नाव आहे, कुणाचे नाही, ते त्यांना विचारा.