टोपीला पुन्हा आकार: फेल्ट आणि गवती हॅटची सफाई, घडण व माप

फेल्टची हॅट विणलेली नसते आणि तुकडे जोडून शिवलेलीही नसते. मेंढीची लोकर किंवा ससा, बीव्हर यांसारख्या प्राण्यांचे मऊ केस पिंजून, ओले करून, गरम करून दाबत आणि घोळवत राहिले की त्यांच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकत जातात. हे अडकणे एकदा पुरे झाले की केस सुटे होत नाहीत. कोल्हापूर भागात धनगरी लोकरीचे बसायचे जेन याच रीतीने होते. लोकर पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळायचे आणि तुडवायचे. हॅटसाठी हेच काम अधिक बारीक केसांवर होते. आधी शंकूसारखा सैल घाट तयार होतो आणि मग तो वाफेवर धरून लाकडी कालबुतावर ओढून बसवतात.

दुरुस्तीची सगळी विद्या या घडणीतून निघते. ज्या ओलीने आणि उष्णतेने हॅट घडली, त्यांनीच ती पुन्हा नरम पडते आणि थंड होताना ज्या साच्यावर असेल त्याचा आकार धरते. केसांतले केराटिन हे प्रथिन ओल्या उष्णतेत सैलावते, त्याचे अंतर्गत बंध सुटतात आणि कोरडे होताना नव्या जागी बांधले जातात. म्हणून वर्षानुवर्षे माळ्यावर चेपून पडलेली चांगली फेल्ट हॅटसुद्धा सरळ करता येते. गवती हॅटच्या बाबतीत असे नाही. तिचा धागा वनस्पतीचा असतो. ओलीने तो लवचिक होतो, पण एकदा मोडला की सांधत नाही. दोन्ही हॅट एकाच दुकानात येतात, पण कारागिराला त्या दोन वेगळ्या धंद्यांसारख्या हाताळाव्या लागतात.

फेडोरा हे नाव व्हिक्टोरियें सार्दू यांच्या १८८२ च्या फेदोरा या नाटकावरून रूढ झाले. सारा बर्नहार्ट हिने त्यात नायिकेचे काम केले होते. आधी ही हॅट स्त्रियांची मानली गेली, नंतर ती पुरुषांच्या डोक्यावर स्थिरावली. इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावी बोर्सालिनोचा कारखाना १८५७ मध्ये सुरू झाला होता, अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टेटसनचा १८६५ मध्ये. भारतातल्या शिकलेल्या तरुणांनीही फेल्ट हॅट वापरली. १९२९ च्या छायाचित्रातला भगतसिंग आणि सुटाबुटातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर ही तिची सर्वांच्या डोळ्यांसमोरची रूपे.

या परदेशी वस्तूत एक गोष्ट मात्र भारताच्या रानातली आहे. फेल्टला ताठरपणा येतो तो बहुधा लाखेच्या द्रावणामुळे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जो राळेसारखा स्राव सोडतो, तो शुद्ध करून केलेली चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फेल्टमध्ये मुरवत. १८४९ मध्ये लंडनला घडलेली टणक बोलर हॅट तर लाखेशिवाय उभीच राहिली नसती. दुरुस्तीत ही लाख दोन्ही अंगांनी वागते. साधारण पंच्याहत्तर अंशांच्या आसपास ती मऊ होते, त्यामुळे केटलीच्या वाफेवर काठ वळवता येतो. पण वाफ जास्त झाली तर ती पृष्ठभागावर येऊन पांढरट चकाकणारे डाग सोडते, आणि ते स्पिरिटनेच पुसावे लागतात.

सफाई नेहमी कोरडीच सुरू होते. धूळ झाडण्याआधी हॅटला पाणी लागले तर धुळीचा चिखल होऊन तो केसांत खोल शिरतो, आणि मग साध्या ब्रशाने निघत नाही. ब्रश घोड्याच्या केसांचा, मऊ. काळ्या हॅटचा वेगळा आणि फिकट रंगाच्या हॅटचा वेगळा, कारण काळ्या फेल्टमधला रंग आणि धूळ ब्रशात साठून राहते. फेल्टचे केस कारखान्यातच एका दिशेने बसवलेले असतात, त्यामुळे ब्रश वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवतात. उलटसुलट घासल्यास फेल्ट ठिपक्याठिपक्यांचे दिसू लागते.

तेलाचा डाग हा सफाईतला खरा त्रास. कपाळावरचे तेल, केसांना लावलेले खोबरेल आणि घाम मिळून आतल्या चामडी पट्टीपासून बाहेरच्या फितीपर्यंत एक काळपट वर्तुळ उमटते. यावर पाणी चालत नाही. मुलतानी माती किंवा शंखजिऱ्याची बारीक पूड डागावर पसरून रात्रभर ठेवायची. ती तेल शोषून घेते. सकाळी ब्रश, आणि गरज असेल तर पुन्हा पूड. जुने कारागीर याच्याही पुढे जात. फीत, चामडी पट्टी आणि अस्तर उसवून बाजूला काढत, उरलेले नुसते फेल्ट शुद्ध पेट्रोलसारख्या द्रावकात बुडवून धूत, उघड्या हवेत वाळवत, मग अगदी बारीक सॅंडपेपरने वरचा खरबरीत थर हलकेच उतरवत. या पद्धतीने मळकट झालेली हॅट जवळजवळ नवी होते, पण आगीचा धोका इतका की घरी ही रीत अवलंबण्याचे कारण नाही. उसवलेल्या पट्टीचे टाके पुन्हा जुन्याच छिद्रांतून घालावे लागतात. नवी छिद्रे पडली तर चामडे तिकिटासारखे फाटते.

आकार देताना हॅट केटलीच्या तोंडापासून वीतभर दूर धरून फिरवतात. एकाच जागी वाफ लागू देत नाहीत. माथ्यावरची मधली दुमड आणि पुढचे दोन चिमटे आधी पूर्ण उघडून घुमट गोल करावा लागतो, कारण जुन्या दुमडीवरच नवी दुमड घातली की फेल्ट तिथे झिजत जाऊन शेवटी चीर पडते. मग हॅट साच्यावर ओढून, माथा आणि काठ मिळतात त्या रेषेवर दोरीने आवळून बांधतात. काठासाठी वेगळी सपाट लाकडी कडी असते, तिच्यावर ओले फडके टाकून इस्त्री फिरते. साच्यावरून हॅट ती पूर्ण कोरडी होईपर्यंत उतरवायची नसते. दुकानात गिऱ्हाईक उभे असताना हीच पायरी घाईने उरकली जाते, आणि दोन दिवसांत काठ पुन्हा खाली लोंबतो.

मापाचा भाग वरकरणी सोपा दिसतो. फीत कानांच्या थोडी वर, कपाळाच्या मध्यावरून डोक्याभोवती गुंडाळायची. ५७ सेंटीमीटर आले तर युरोपीय मापात ती ५७ नंबरची हॅट. अमेरिकी पद्धतीत हाच घेर इंचांत घेऊन पायने भागतात, म्हणजे ७ पूर्णांक एक अष्टमांश, आणि इंग्लंडमध्ये त्याहून एक अष्टमांश कमी, म्हणजे ७. एका नंबरचा फरक म्हणजे घेरात सुमारे एक सेंटीमीटर. पण डोके गोल नसते. कुणाचे लांबट, कुणाचे कानांशी रुंद, त्यामुळे घेर जुळूनही हॅट कपाळाला टोचते आणि बाजूंना फट राहते. यासाठी पॅरिसमध्ये १९व्या शतकाच्या मध्यावर एक यंत्र तयार झाले, कॉन्फॉर्मेटर. उंच हॅटसारखे दिसणारे हे यंत्र डोक्यावर ठेवले की त्याच्या खालच्या सरकत्या पट्ट्या डोक्याच्या घाटाप्रमाणे आत-बाहेर होतात आणि वरच्या टाचण्या एका कागदावर त्या घाटाची एक षष्ठांश आकाराची छोटी आकृती टोचतात. त्या कागदावरून हॅटच्या कडेला नेमका घाट देता येतो.

सैल हॅट घट्ट करणे सोपे. चामडी पट्टीच्या मागे, पुढच्या किंवा दोन्ही बाजूंना, फोमची वा फेल्टची पातळ पट्टी सरकवली की काम होते. जुन्या काळी वर्तमानपत्राची घडी हेच करी. घट्ट हॅट सैल करणे मात्र मर्यादेत शक्य असते. पट्टीच्या रेषेवर आतून वाफ देऊन मधोमध स्क्रू असलेला दोन फाळ्यांचा लाकडी ताण आत घालतात, स्क्रू थोडा फिरवतात आणि रात्रभर ठेवतात. अर्धा नंबर, चांगल्या फेल्टमध्ये एक नंबर मिळतो. त्याहून पुढे ओढले तर फेल्ट नव्हे, चामड्याची पट्टी फाटते. त्यामुळे दोन नंबर वाढवून मागणाऱ्याला नकार देणे हाच सरळ मार्ग ठरतो. हॅट आपोआप घट्ट होण्याचे कारणही बहुधा ही पट्टीच असते. उन्हात उभ्या गाडीच्या काचेशी ठेवलेल्या हॅटमधले घामाने भिजलेले चामडे आक्रसते आणि सगळ्या घेराला आत ओढते.

गवती हॅटमध्ये पनामा सर्वांत नाजूक. नाव पनामाचे असले तरी ती इक्वाडोरची. तिथल्या तोकिया या ताडासारख्या वनस्पतीच्या पानांच्या चिरफळ्यांनी ती विणतात, आणि ही विणकाम परंपरा युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त वारशात नोंदवली. बोटर हॅट मात्र गव्हाच्या काडीच्या वेण्या गोल शिवून होते. दोन्हींना कोरडा मऊ ब्रश आणि घट्ट पिळलेले ओले फडके एवढेच पाणी पुरते. कडक वाळलेले गवत दाबले की तडकते, म्हणून आकार देण्याआधी त्याला ओल द्यावीच लागते. बुरूड बांबूच्या कामट्या भिजवून मगच वळवतात, त्यामागचे कारण हेच. काठ ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्रीने सपाट होतो. पनामाला हमखास भेग पडते ती पुढच्या चिमट्यात, कारण हॅट उचलताना बोटे तिथेच दाबतात. भेगेला आतून पातळ कागद डिंकाने लावून तिची वाढ थांबवता येते, पण ती अदृश्य होत नाही. मापात बदल अर्ध्या नंबरपलीकडे गवत सहन करत नाही.

महाराष्ट्राच्या डोक्यावर हॅटपेक्षा टोपी आणि पगडी अधिक काळ राहिली, आणि त्यांचीही निगा हीच तत्त्वे पाळते. काळी टोपी कोरड्या ब्रशाने आणि हलक्या वाफेने सुधारते. घडी पडू नये म्हणून ती कागद भरून ठेवतात. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिचा घाट मोडला तर तो पगडबंदच बसवू शकतो. गांधी टोपीची गोष्ट वेगळी. ती धुण्यासाठीच घडलेली आहे. काळ्या रंगावर मळ दिसत नाही, पांढऱ्यावर दिसतो आणि टोपी धुतली जाते, असा विचार त्यामागे असल्याचे काका कालेलकरांनी नोंदवले आहे. धुऊन, नीळ देऊन, कांजीत बुडवून ती अर्धवट ओली असतानाच हाताने ताणायची आणि चपटी घडी करून इस्त्री मारायची. पूर्ण वाळू दिली तर काठाच्या पट्टीवर चुण्या राहतात. खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून टोपी जरा सैल घेण्याची रीत आहे.

निगा हवेप्रमाणेही बदलते. दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासा शहरात हॅटचा शत्रू ऊन नसून पाऊस आहे. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हा मुलूख १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, आणि वसाहतींतल्या युरोपीय अंमलदारांचे ठरलेले शिरस्त्राण म्हणजे सोला हॅट. दलदलीत वाढणाऱ्या शोला वनस्पतीच्या गराची ती उन्हात हलकी व थंड, पण मुसळधार पावसात भिजून फुगते आणि लिबलिबीत होते. तिच्यावर आकार परत आणायचा उपाय जवळपास नाही. डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्याचे बांबूच्या सांगाड्यावर पाने बांधलेले इरले या हवेला कितीतरी अधिक शहाणे उत्तर होते. पाने कुजली की नवी बांधायची, सांगाडा तोच.

फेल्टला अशा हवेत बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. केराटिन हे कसरीच्या अळीचे अन्नच. घामाचे आणि तेलाचे डाग असलेली जागा ती आधी खाते, म्हणून पावसाळ्यापूर्वीची सफाई ही आकारासाठी नसून टोपी टिकण्यासाठी असते. भिजलेली हॅट कधीही चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवत नाहीत. उष्णतेने फेल्ट आणखी आवळते. पट्टी बाहेर उलटवून, माथ्यावर उलटी ठेवून, वाऱ्यावर वाळू देतात. काठावर ठेवल्यास काठ सपाट होतो. पेटीत डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवतात, त्या फेल्टला टेकू देत नाहीत.

वारशाने आलेल्या जुन्या हॅटबाबत एक खबरदारी अपरिहार्य आहे. प्राण्यांचे केस चांगले आवळावेत म्हणून १८व्या आणि १९व्या शतकांत त्यांवर पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया होई. हॅटच्या कारखान्यांतल्या कामगारांना हातपाय थरथरण्याचा आणि मन भ्रमिष्ट होण्याचा आजार जडे तो यामुळे. अमेरिकेत ही प्रक्रिया १९४१ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. त्याआधीच्या काही हॅटमध्ये पारा अजूनही आढळतो, आणि वाफ देताना तो सुटू शकतो. अशी हॅट हातमोजे घालून, उघड्या जागीच हाताळावी, आणि वाफ तर टाळलेलीच बरी.

मोठ्या माणसांच्या वापरातल्या वस्तू संग्रहालयात येतात तेव्हा दुरुस्तीचा हेतूही बदलतो. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात आणि पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांचे कपडे व वापरातल्या वस्तू जतन केल्या आहेत. अशा संग्रहातल्या शिरोवस्त्राची धूळ मऊ ब्रशाने आणि जाळी लावलेल्या हलक्या शोषक यंत्राने काढतात. चेपलेला माथा आम्लरहित कागदाच्या गोळ्यांनी आतून उचलून धरतात. पण घामाचा पट्टा पुसत नाहीत, फीत बदलत नाहीत आणि काठ नव्याने वळवत नाहीत, कारण वापराच्या त्या खुणा आता वस्तूचाच भाग असतात.