गोळी स्वस्त, शेअर महाग

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या माणसाला आईवडिलांची रक्तदाबाची गोळी मोबाइलवरून मागवणे सोयीचे वाटते, यात नवल नाही. सोय पटली की पुढचा विचार येतो : कंपनी एवढी चालते, मग तिचे शेअर घ्यावेत का? श्रोतेहो, औषध घेणे वेगळे आणि औषध विकणाऱ्या कंपनीत पैसे घालणे वेगळे.

आधी नफ्याचे गणित पाहू. सरकारने किंमत ठरवून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के नफा धरलेला असतो. इतर औषधांवर व्यापारी प्रघात साधारण २० टक्क्यांचा आहे. म्हणजे हजार रुपयांच्या औषधामागे जास्तीत जास्त दोनशेच्या आसपास सुटतात. त्यातूनच ग्राहकाला दीडशेची सूट द्यायची, औषध घरपोच करायचे, पगार आणि जाहिरातीचा खर्चही भागवायचा. घाऊक खरेदीत थोडे अधिक सुटते, तरी हात आखडताच राहतो. गल्लीतला दुकानदार पदरचे पैसे फार दिवस घालू शकत नाही. ऑनलाइन कंपनी ते घालते, कारण पैसे गुंतवणूकदाराचे असतात.

याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. 'फार्मइझी' चालवणाऱ्या एपीआय होल्डिंग्जने २०२१ मध्ये नवी मुंबईच्या थायरोकेअरचे ६६.१ टक्के भाग सुमारे ४,५४६ कोटी रुपयांना घेतले. त्यासाठी मोठे कर्ज काढावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ६,२५० कोटींच्या जाहीर भागविक्रीचा मसुदा सेबीकडे गेला. नोंदणी झाली की भाव वाढेल, या आशेने अनेक लहान गुंतवणूकदारांनी दलालांकडून हे शेअर आधीच घेऊन ठेवले. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने मसुदा मागे घेतला. २०२२-२३ मध्ये उत्पन्न सुमारे ६,६०० कोटी, तर तोटा सुमारे ५,२०० कोटी झाला. त्यातला मोठा हिस्सा महाग घेतलेल्या व्यवसायांची किंमत हिशेबात खाली आणल्याचा होता. कर्ज फेडण्यासाठी मग हक्कभाग काढले, तेही पाच रुपये दराने. आधीच्या फेरीतला दर पन्नासच्या आसपास होता. ज्याने नव्याने पैसे घातले नाहीत, त्याचा कंपनीतला वाटाही आक्रसला.

दुसरा धोका कायद्याचा. औषधविक्री १९४० चा कायदा आणि १९४५ चे नियम यांखाली चालते, आणि ते दुकान डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण वर्षानुवर्षे रेंगाळला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. आपण केवळ परवानाधारक दुकानाशी गाठ घालून देतो, असे कंपन्या म्हणतात. औषध विक्रेत्यांच्या संघटनेला ते मान्य नाही. एका अधिसूचनेने धंद्याची घडी बदलू शकते.

मग करावे काय? बाजारात नोंदणी नसलेला शेअर घेताना चार प्रश्न विचारा. विकायचा झाला तर घेणार कोण? कंपनीवर कर्ज किती? सूट बंद केली तर ग्राहक टिकेल का? आणि नोंदणी झालीच, तरी सहा महिने शेअर विकता येत नाही, हे दलालाने सांगितले का? असे शेअर विकणाऱ्या संकेतस्थळांबाबत सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये सावध केले होते.

नोंदणीकृत मोठ्या कंपनीमार्फत जावे, तर तिथेही हिशेब करा. रिलायन्सने २०२० मध्ये नेटमेड्सच्या मूळ कंपनीत ६२० कोटी घातले. रिलायन्सच्या पसाऱ्यात ती रक्कम म्हणजे दर्यात खसखस. नेटमेड्ससाठी रिलायन्सचा शेअर घेणारा प्रत्यक्षात तेल आणि टेलिफोनच घेतो.

निवृत्तीची पुंजी, मुलीच्या शिक्षणाचे पैसे या धंद्यात घालू नयेत. बुडाले तरी घरचा महिना अडणार नाही, एवढीच रक्कम घालावी. सूट मिळते ती मात्र खुशाल घ्या. ती कोणीतरी भरतोच आहे. तो कोणीतरी आपण होऊ नये, एवढे पाहावे.