जुन्या इंजिनाचा ताप आणि बोअरचे पाणी

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जेवढी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढाच भाग धुरासोबत बाहेर पडतो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूतून काढून हवेत सोडण्याची जबाबदारी शीतकरण यंत्रणेवर, म्हणजे इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून पाणी खेळवणारा पंप, ते पाणी थंड करणारा रेडिएटर आणि त्यातून हवा ओढणारा पंखा यांच्यावर येऊन पडते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जुन्या जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर यांची ही यंत्रणा उन्हाळ्यात कोलमडते, तेव्हा सारा दोष उन्हाला दिला जातो. ऊन हे त्याचे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे कारण रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतल्या गेलेल्या पाण्यात सापडते.

उन्हाचा वाटा साध्या हिशेबाने मांडता येतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे त्यातील पाण्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी 90 अंश सेल्सिअसवर आणि हवा 25 अंशांवर असेल तर हा फरक 65 अंशांचा असतो, परंतु मे महिन्यात हवा 43 अंशांवर गेली की तो 47 अंशांवर येतो, म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटते. त्यातच नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरकडे जाणारे वाहन गोदावरीकाठच्या सुमारे 360 मीटर उंचीवरून बालाघाटच्या पठारावर सहाशे मीटरच्या आसपास चढते. तेथे हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातील पाणी 100 ऐवजी सुमारे 98 अंशांनाच उकळते. हा फरक वरकरणी किरकोळ वाटला, तरी रेडिएटरच्या झाकणाचे महत्त्व त्यातून कळते. झाकणातील स्प्रिंग आतील पाण्यावर दाब राखते आणि झाकण 0.9 बारचे असेल तर पाणी 115 अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. रबरी वायसर कडक झालेले जुने झाकण हा दाब धरू शकत नाही, आणि मग इंजिन निर्दोष असूनही पाणी उसळून बाहेर येते.

पाणी असे उडून जाणे सुरुवातीच्या मोटारींत नित्याचेच होते. कार्ल बेन्झच्या 1886 च्या मोटारगाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन जात असे आणि चालक ते पुन्हा भरत असे. विल्हेल्म मायबाखने 1901 च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचा रेडिएटर घडवल्यावर थोडेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून इंजिन थंड राखणे शक्य झाले. ज्या जुन्या गाडीत दर दोन दिवसांनी पाणी भरावे लागते, ती गाडी या दृष्टीने मायबाखच्या आधीच्या काळात परतलेली असते, आणि मराठवाड्यात याची किंमत विशेष मोठी असते, कारण वाफ होऊन जाते ते केवळ शुद्ध पाणी. त्यातील क्षार आतच राहतात व पुढच्या प्रत्येक भरण्याबरोबर वाढत जातात.

हे क्षार येथील भूगर्भातून येतात. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला असून, त्याच्या भेगांतून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. अशा पाण्याला कठीण पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅम ठेवली आहे. मात्र पिण्यास चालणारे पाणीदेखील इंजिनाला मानवेलच असे नाही. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि न्हाणीघरातील बंबाच्या आत धरतो तसा पांढरा, टणक थर धातूवर बसतो. हा थर उष्णतेचा अत्यंत वाईट वाहक आहे. त्याची एक मिलिमीटर जाडी ओतीव लोखंडाच्या वीसेक मिलिमीटर जाडीच्या भिंतीइतका अडथळा निर्माण करते, आणि तो सर्वप्रथम धरतो तो नेमका इंजिनाच्या सर्वांत तप्त जागी, म्हणजे हेडमधील (इंजिनाच्या वरच्या झाकणातील) धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. परिणामी तापमानाचा काटा फारसा वर गेलेला नसतानाही हेड आतून तापून वाकते, हेडखालचे गॅस्केट जळते आणि मालकाला इंजिन उघडण्याचा खर्च सोसावा लागतो. त्यातच येथे पाण्याची टंचाई भासते: 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत गाडीच्या वाट्याला खोल बोअरचे पाणीच येणार, हे समजण्याजोगे आहे.

ट्रॅक्टरची अडचण आणखी वेगळी असते. ऑक्टोबरच्या उन्हात सोयाबीनचे किंवा फाल्गुनात हरभऱ्याचे मळणी यंत्र चालवताना ट्रॅक्टर एकाच जागी पूर्ण भाराने तासन्‌तास उभा असतो, त्याला धावण्याचा वारा मिळत नाही आणि पंखा हवेबरोबर भुसाही ओढून घेतो. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधील फटी अशा बुजल्या की आतले पाणी कितीही स्वच्छ असले तरी उपयोग होत नाही. म्हणून मळणीच्या दिवसांत इंजिन बंद करून, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या हवेने हे पत्रे रोज साफ करणे आवश्यक ठरते.

गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते आणि ती घातक आहे. अनेक इंजिनांत ही झडप उघडताना रेडिएटरला वळसा घालणारा छोटा मार्ग बंद करते. ती नसली की गरम पाण्याचा काही भाग थंड न होताच इंजिनात परत फिरत राहतो. रेडिएटरवर ओले पोते टांगण्याचा उपायही फसवा आहे, कारण बाष्पीभवनाने थोडा गारवा मिळत असला तरी पोते हवेचा मार्गच अडवते.

जुन्या गाड्यांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून, सळईने नळ्या मोकळ्या करून पुन्हा झाळता येतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. त्यानंतर मात्र त्यात बोअरचे पाणी न भरता डिस्टिल्ड पाणी आणि डब्यावरील प्रमाणात कूलंट भरावे. पाणी गोठण्याची भीती मराठवाड्यात नाही. येथे कूलंटचा खरा उपयोग गंज रोखण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी होतो. गाडी वाटेत तापलीच तर पाणी टिकून असेपर्यंत ती सावलीत उभी करून, इंजिन भाराविना थोडे वाढीव वेगाने चालू ठेवावे, म्हणजे पंप व पंखा काम करत राहतात. पाणी वाहून गेले असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर उडते, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जाऊ शकतो. नांदेड-लातूरच्या वाहनधारकांनी होळीच्या आधीच रेडिएटर, झाकण आणि पंख्याचा पट्टा तपासून घ्यावा. आणि पाणी वारंवार कमी होत असेल तर ते पुन्हा भरत बसण्याऐवजी गळती शोधावी.