डोनटखालची चिठ्ठी

म्युनिककडे धावणाऱ्या गाडीत चहाचा ट्रे येतो. त्यातल्या एका डोनटखाली घडी घातलेली चिठ्ठी आहे. ती नेमक्या माणसाच्या हाती लागली तर ब्रिटिश हेर वाचेल; तो डोनट दुसऱ्याच कुणी उचलला तर सगळंच संपलं. प्रेक्षकाला हसू येतं आणि त्याच वेळी जीव टांगणीला लागतो. कॅरल रीड यांच्या ‘नाइट ट्रेन टू म्युनिक’मध्ये (१९४०) विनोद हा भीतीवरचा उतारा नाही, भीती वाढवण्याचं कामच त्याच्याकडे दिलं आहे.

पटकथा फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलियट यांची. सुरुवातीलाच हिटलर नकाशावर हात आपटतो, मार्च १९३९मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरतात. चिलखती पोलादावर संशोधन करणारा शास्त्रज्ञ बोमाश इंग्लंडला निसटतो, त्याची मुलगी ॲना (मार्गारेट लॉकवुड) मात्र छळछावणीत अडकते. तिथे मार खाणाऱ्या कार्ल मार्सनशी तिची ओळख होते आणि दोघं मिळून पळ काढतात. लंडनला पोचल्यावर मार्सन नेत्रतज्ज्ञाकडे डोळे तपासायला जातो. तपासणी चालू असतानाच दोघंही नाझी सलाम ठोकतात! सहानुभूतीने पाहिलेला कैदी गेस्टापोचा माणूस निघतो.

मार्सनची भूमिका करणारे पॉल हेन्राइड स्वतः नाझीविरोधी ऑस्ट्रियन होते. दोनच वर्षांनी ‘कासाब्लांका’त ते व्हिक्टर लाझ्लो झाले, छळछावणीतून निसटलेला झेक नेता. इथे ज्याचं सोंग घेतलं, तिथे तोच माणूस त्यांनी खरा करून दाखवला. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला या नटाची ताकद जास्त जाणवते.

बापलेकींना मार्सन जर्मनीत नेतो आणि त्यांच्या सुटकेसाठी ब्रिटिश हेर रँडल (रेक्स हॅरिसन) जर्मन मेजरच्या गणवेशात थेट बर्लिनमध्ये घुसतो. मग रात्रीची गाडी, आणि त्याच गाडीत दोन इंग्रज प्रवासी: चार्टर्स आणि कॅल्डिकॉट.

बेसिल रॅडफर्ड आणि नॉंटन वेन यांची ही जोडी हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये (१९३८) आधीच गाजली होती. तिथे युरोप पेटायला आला तरी त्यांचा जीव मँचेस्टरच्या कसोटी सामन्यात अडकलेला. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला हे दोघं परके वाटणार नाहीत. इथे चिंता आहे ती बर्लिनमध्ये मित्राकडे राहिलेल्या गोल्फच्या काठ्यांची. आणि इथेच पटकथेची वीण बारकाईने पाहण्यासारखी आहे. कॅल्डिकॉट रँडलला कॉलेजचा जुना सोबती म्हणून ओळखतो. रँडल साफ नाकारतो, पण मार्सनच्या मनात पाल चुकचुकते. म्हणजे नायकावर संकट ओढवतं ते निव्वळ भाबड्या ओळखीमुळे. पुढे गाडी मध्येच थांबते, युद्ध जाहीर झाल्याचं कळतं, आणि टेलिफोनवरचं बोलणं कानी पडून म्युनिकला रँडलला अटक होणार हेही समजतं. स्वतःपलीकडे न पाहणारे हे दोघं तेव्हा जीव धोक्यात घालायला तयार होतात. कुणी भाषण देत नाही, छाती पुढे काढत नाही. काम होतं ते डोनटखालच्या चिठ्ठीने. ज्यांनी घोळ घातला तेच तो निस्तरतात, म्हणून हा बदल ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही.

शेवटी स्वित्झर्लंडच्या सीमेवर, दरीवरच्या केबल कारपाशी गोळीबार होतो. डोंगर, तारा, लोंबकळणारा पाळणा यांत मॉडेल्स ओळखू येतात. तरीही माणसं दरीवर अडकलेली असताना पाहणाऱ्याची मूठ आवळते, कारण कोण कुठे उभा आहे आणि कुणाच्या पिस्तुलात किती गोळ्या उरल्या असतील याचा हिशोब रीड प्रेक्षकालाच करायला लावतात.

एक गोष्ट मात्र आज बोचते: छावणीचं चित्रण. तिथल्या खऱ्या क्रौर्याच्या मानाने ते फारच सौम्य आहे. त्या छावण्यांतलं सगळं जगासमोर यायला अजून पाच वर्षं होती.

चार्टर्स-कॅल्डिकॉटना लाँडर-गिलियट विसरले नाहीत. १९४३च्या ‘मिलियन्स लाइक अस’मध्ये हे दोघं सैनिकी गणवेशात, किनाऱ्यावर सुरुंग पेरताना दिसतात.