दाराआड काय आहे?

१४ एप्रिल १९४४. दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजातून धूर येऊ लागला. जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही. आत नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले गेले. पण दाट धुरात आगीचे मूळ सापडेना आणि ओतलेले पाणीच उकळू लागले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

गोदीत पाण्याला तोटा नव्हता. जळते आहे ते नेमके कुठे, हे मात्र कळत नव्हते. आज बंब बदलले, शिड्या उंच झाल्या, तरी जवानांची पहिली झुंज या अज्ञाताशीच असते.

वर्दी आल्यावर

१०१ वर वर्दी आली की पत्त्यापाठोपाठ प्रश्न येतात : काय जळतेय? कितव्या मजल्यावर? कोणी अडकलेय का? उत्तरांवर पुढची तयारी ठरते. लाकूड, कागद, कापूस असेल तर पाणी. पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते, म्हणून तिथे फेस. विजेच्या आगीत आधी पुरवठा तोडायचा. कढईतल्या पेटत्या तेलावर तर पाण्याचा थेंबही नको : पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगते आणि जळते तेल चौफेर उडवते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळाला की जमिनीलगत साचतो. अशा घरात दिवा लावायचा नाही आणि चालू असलेला बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते.

धुराची भाषा

बंद दारापाशी जवान थबकतो. हाताची मागची बाजू दाराजवळ नेऊन धग अजमावतो. फटीतून धूर बाहेर येतोय आणि पुन्हा आत ओढला जातोय, असे दिसले तर तो दार एकदम उघडत नाही. आतली आग हवेवाचून गुदमरलेली असते. हवा मिळताच ती स्फोटासारखी बाहेर झेपावते. उघड्या खोलीतही छताखालचा धूर पाचशे-सहाशे अंशांवर गेला की खोलीतल्या सगळ्याच वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात. म्हणून आत शिरायचे ते रांगत, एक हात भिंतीला लावून. भिंत सुटली की परतीची वाट सुटली.

पाठीवर श्वसनासाठीचा ‘बीए सेट’ असतो. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने भरलेली सुमारे १,८०० लिटर हवा. मिनिटाला चाळीस लिटर धरले तर पाऊण तास. माणूस उचलून जिना उतरायचा असेल तर बरीच कमी. कोण किती वाजता, किती हवा घेऊन आत गेला, याची नोंद दारावर ठेवायची असते. हवा सरत आली की शिट्टी वाजते. शिट्टीपर्यंत थांबणारा जवान उशीर करतो. आत जाताना जितकी हवा लागली, तितकी परतायलाही लागणारच.

ज्वाळेआधी धूर मारतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतल्या कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले, त्यांतले बहुतेक गुदमरून. अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता. पुढच्याच वर्षी परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओली फडकी नाकाशी धरायला लावली. बाहेरून मदत पोहोचेपर्यंतची मिनिटे अशा साध्या गोष्टींवर निभावतात.

इमारतीचा अंदाज

आग विझवताना इमारतीवरही नजर लागते. साधारण ५५० अंशांना पोलादाची निम्मी ताकद जाते. जुन्या लाकडी वाशांवर राखेचा आणि पाण्याचा भार चढत जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी मुंबईने गमावले. अनुभवाची ही चार आयुष्ये होती. माघार कधी घ्यायची, हे या कामातले सर्वांत कठीण ज्ञान आहे.

ज्वाळा शमल्या तरी काम उरते. कापसाच्या गासडीत विस्तव खोल दडून राहतो. ढिगारा उपसत, उलथत, भिजवत तासन्‌तास ‘कूलिंग’ चालते. त्याची बातमी होत नाही, पण ते अर्धवट राहिले तर त्याच पत्त्यावरून पुन्हा वर्दी येते.

माहिती कोणाकडे?

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवर टाकली. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावा लागतो. पण दाखला फाइलमध्ये आणि पंप बंद, असे असेल तर जवानांना वरच्या मजल्यावर कोरडा नळ मिळतो.

जवान इमारत पहिल्यांदा पाहतो, तीही धुरात. रहिवासी ती रोज पाहतात. मुख्य स्विच कुठे, गच्चीची किल्ली कोणाकडे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, हे रखवालदाराला सांगता आले तर आत शिरणाऱ्याची हवा शोधाशोधीत संपत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत जिन्यातले जुने कपाट हलवावे, बंबाच्या वाटेतली गाडी काढावी आणि ही माहिती एका कागदावर लिहून रखवालदाराच्या चौकीत लावावी. त्याला ना निविदा लागते, ना सर्वसाधारण सभेचा ठराव.