जिनिंगमधली वाऱ्याची नळी आणि आपला कापूस



जिनिंगच्या आवारात कापसाची गाडी रिकामी झाली, काटा झाला, पावती हातात पडली, की आपण घराकडे वळतो. गंजीतला कापूस पुढे रेच्यापर्यंत कसा जातो, हे बघायला सहसा कोणी थांबत नाही. पूर्वी मजूर बाया टोपल्या भरभरून नेत. केंद्र शासनाने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यात बऱ्याच जिनिंग सुधारल्या. आता अनेक ठिकाणी टोपलीच्या जागी पत्र्याची नळी आणि मोठा पंखा दिसतो.

नळी कापूस ओढते असे आपण म्हणतो. खरे तर ओढत नाही. पंखा नळीतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो. मग बाहेरची हवा नळीच्या तोंडातून आत धावते आणि जाता जाता कापूस बरोबर नेते. आपल्या विहिरीवरच्या पंपाचेच हे तत्त्व, पण एक फरक ध्यानात घ्या. पंपाच्या सक्शनमध्ये हवा शिरली की पाणी तुटते. इथे हवा हीच बैलगाडी! नळीचे तोंड कापसात गच्च रुतवले तर हवेला वाट राहत नाही आणि माल जागचा हलत नाही. मात्र हवा तोंडातूनच शिरायला हवी. मधल्या सांध्याला भोक पडले की तोंडाकडचा जोर गेलाच.

नळीच्या शेवटी एक मोठी पेटी असते. हवा तिथल्या जाळीतून पंख्याकडे निघून जाते, कापूस जाळीला अडतो. खाली रबरी पात्यांचे चाक फिरत असते. ते कापूस खाली सोडते, पण बाहेरची हवा वर येऊ देत नाही.

आता आपला संबंध कुठे येतो ते पाहू. नळीतला वारा सेकंदाला साधारण २० ते २५ मीटर पळतो, म्हणजे तासाला ७० ते ९० किलोमीटर. आपली एस.टी. सुद्धा रोज एवढी पळत नाही! कापसात चुकून राहिलेला खिळा, नटबोल्ट किंवा गोटा या वेगाने पत्र्यावर आदळला की ठिणगी उडते. पुढे वारा भात्याचे काम करतो. आग नळीत दिसत नाही; गंजीत, कधी बांधलेल्या गाठीतही ती धुमसत राहते. चांगल्या जिनिंगमध्ये दगड अडवायला सापळा आणि लोखंडासाठी चुंबक असतो, पण दगड काही चुंबकाला चिकटत नाही. आणि तिथे आपल्याच गावची माणसे कामाला असतात.

जड वस्तू निदान सापळ्यात पडते. सुतळीचा धागा, प्लॅस्टिकच्या पोत्याचे दोरे, केस हे हलके. ते कापसाबरोबर थेट रुईत जातात. पुढे कापड रंगवताना त्यावर रंग धरत नाही, आणि त्या रुईचा भाव पडतो. म्हणून वेचणी सुती कापडाच्या झोळीत करा, बायांनी डोक्याला फडके बांधावे.

वजनासाठी पाणी मारणे तर सोडाच. ओल्या कापसाचे गोळे होतात, नळी तुंबते, रेच्यावर सरकी फुटते. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याला कपात लावते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाही. दव उतरल्यावर वेचा, सावलीत पसरून वाळवा, आणि गाडी भरण्याआधी तिचा तळ झाडून घ्या. खिळे बहुधा तिथेच असतात.